खडू, फळा आणि इंटरनेट

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे एक लहानसे खेडे आहे. ३ डिसेंबर २०२० पर्यंत हे नाव त्या परिसराबाहेर फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या दिवशी लंडन येथे जागतिक शिक्षक पुरस्काराची घोषणा झाली. एकशे चाळीसहून अधिक देशांतून आलेल्या बारा हजारांवर नावांतून ज्या एका शिक्षकाची निवड झाली, ते होते परितेवाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे श्री. रणजितसिंह डिसले. पुरस्काराची रक्कम दहा लक्ष डॉलर होती. ती स्वीकारतानाच तिचा निम्मा भाग अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्यांनी जाहीर केले.

ही बातमी आपणांपैकी बहुतेकांनी त्या वेळी वाचली असेल. परंतु बातमी चार दिवसांत शिळी होते आणि तिच्यामागचे काम समजून घ्यावयाचे राहून जाते. डिसले गुरुजींनी केले तरी काय? खेड्यातील प्राथमिक शाळेत इंटरनेटचा उपयोग तो कितीसा व्हावयाचा? आणि त्यांना जे साधले ते आपल्या गावच्या, आपल्या मुलांच्या शाळेतही साधण्यासारखे आहे काय? प्रत्येक घरात शाळेत जाणारी मुले आहेत आणि आता बहुतेक घरांत मोबाइलही आहे. म्हणून हे प्रश्न केवळ शिक्षकांचे उरलेले नाहीत. ते आपल्या सर्वांचे झाले आहेत.

प्रथम भाषा, मग यंत्र

डिसले गुरुजी २००९ साली परितेवाडीस रुजू झाले. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार शाळेची इमारत तेव्हा मोडकळीस आलेली होती. तिच्या एका अंगाला गुरांचा गोठा होता, तर दुसऱ्या अंगाला कोठार. मुलींची उपस्थिती अगदीच तुरळक असे. कोवळ्या वयात लग्ने होत. त्यात आणखी एक अडचण अशी की, मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पाठ्यपुस्तकांची भाषा निराळी. सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा. तेथे एकाच आळीत दोनतीन भाषा नांदतात, हे त्या भागातील वाचकांना सांगावयास नको. मोठ्या माणसांना त्याचे काही वाटत नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या पहिल्याच दिवशी परकी भाषा भेटली, तर ते गप्प बसते, आणि गप्प बसलेले मूल पुढे हळूच शाळेतून नाहीसे होते.

गुरुजी प्रथम कन्नड शिकले. पहिली ते चौथीच्या पुस्तकांतील मजकूर मुलांना समजेल अशा रूपात त्यांनी नव्याने मांडला. त्यानंतर त्या पुस्तकांतून त्यांनी क्यूआर कोड, म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनी खुणा, चिकटविल्या. मोबाइलचा कॅमेरा त्या खुणेवर धरला की कविता ऐकू येई, पाठाचे चित्रण दिसे, गोष्ट सुरू होई किंवा गृहपाठ मिळे. पुढे मुलींची उपस्थिती शंभर टक्क्यांवर गेली आणि गावातील बालविवाह थांबले, असे त्याच माहितीत नमूद केले आहे.

या कामातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी भाषा, मग पाठाची नवी मांडणी आणि सर्वांत शेवटी यंत्र. आज अनेक शाळांत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. यंत्र आधी येते, त्याचे उद्घाटन होते, हार घातले जातात. आणि त्यावर काय दाखवावे, कोणासाठी दाखवावे, कोणत्या भाषेत दाखवावे, याचा विचार मागाहून होतो, किंवा होतच नाही.

ठिपक्यांच्या चौकटीचे रहस्य

मुलांच्या पुस्तकांत आता सर्रास दिसणारी ही चौकट आली कोठून, हे जाणून घेणे मनोरंजक आहे. तिचा जन्म शाळेत झालेला नाही; कारखान्यात झाला आहे. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीतील अभियंते मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती तयार केली. पूर्वी वस्तूंवर उभ्या रेघांचा बारकोड असे. त्यात जेमतेम वीस अक्षरे मावत. नव्या चौकटीत ठिपके आडवे आणि उभे अशा दोन्ही दिशांनी मांडल्यामुळे सात हजारांवर अंक साठविता येऊ लागले. ‘गो’ नावाच्या पटावरील खेळातील काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून ही कल्पना आपल्याला सुचली, असे हारा यांनी सांगितले आहे. चौकटीच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांवरून कॅमेऱ्याला चौकट कोठे आहे आणि ती सरळ धरली आहे की वाकडी, हे तत्काळ उमगते.

या चौकटीचे दोन गुण शाळेला विशेष उपकारक ठरले. पहिला गुण असा की, तिच्यात माहिती राखीव ठेवून साठविलेली असते. त्यामुळे चौकटीचा काही भाग, कधी तीस टक्क्यांपर्यंतही, मळला किंवा फाटला तरी उरलेल्यावरून मजकूर वाचता येतो. दप्तरातील पुस्तकांची जूनमध्ये असते ती स्थिती फेब्रुवारीत राहत नाही, हे कोणत्याही आईला विचारावे! दुसरा गुण असा की, तिच्यावर आपले हक्क असूनही कंपनीने ते बजावले नाहीत आणि ती सर्वांना वापरावयास मोकळी ठेवली. परितेवाडीच्या शिक्षकाला तिच्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागले नाहीत, ते यामुळेच.

मात्र एक गैरसमज दूर करावयास हवा. पाठ्यपुस्तकातील चौकटीत पाठ साठविलेला नसतो. त्यात असतो तो केवळ पत्ता. पाठ असतो दूर कोठे तरी संगणकात, आणि तेथवर इंटरनेटवाचून पोहोचता येत नाही. यात सोय आहे आणि अडचणही आहे. सोय अशी की, पुस्तक पुन्हा न छापता पाठ सुधारता येतो. अडचण अशी की, ज्या गावात मोबाइलला लहर येत नाही तेथे ती चौकट म्हणजे नुसतीच नक्षी!

एका शाळेतून राज्यभर

परितेवाडीचा प्रयोग गावापुरता राहिला नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्याच्या पाठ्यपुस्तकांत अशा चौकटी छापण्याचा निर्णय घेतला. ही पुस्तके तयार करणारी पुण्याची ‘बालभारती’ संस्था १९६७ सालची. महाराष्ट्रातील दोनतीन पिढ्या तिच्याच पुस्तकांवर वाढल्या आहेत. पुढच्या वर्षी केंद्र शासनानेही राष्ट्रीय परिषदेच्या पुस्तकांसाठी असाच निर्णय जाहीर केला. याच सुमारास, ५ सप्टेंबर २०१७ रोजी म्हणजे शिक्षकदिनी, ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठाचा आरंभ झाला. आज पुस्तकातील चौकट आपणांस नेते ती बहुधा या ‘दीक्षा’च्या दाराशी. कॅमेरा नीट चालत नसेल तर चौकटीखाली छापलेली सहा अक्षरांची खूण टंकूनही तेथे जाता येते. तेथील पाठ एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतले की मग इंटरनेट नसतानाही पाहता येतात. अनेक शिक्षक तालुक्याच्या ठिकाणी किंवा घरी असताना आठवड्याचे पाठ असे उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवितात. विहीर लांब असेल तर पाणी भरून ठेवावे लागते, तशातलाच हा प्रकार आहे.

‘दीक्षा’खेरीज इतरही पुष्कळ धन आज विनामूल्य उपलब्ध आहे. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवर आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. एके काळी त्याचे जाडजूड खंड पाहण्यासाठी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जावे लागे. पुण्याचे श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी कशी करावीत याची शेकडो चित्रणे आणि हजारो पुस्तके सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. काडेपेटीतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून भूमिती आणि भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या या गृहस्थांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या उपक्रमातील आभासी प्रयोग मराठीतही मिळतात. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तेथील मूल त्यात तार, दिवा आणि विद्युत्घट जोडून मंडल पुरे करू शकते. चुकले तर पुन्हा करू शकते.

ही वाट तशी जुनीच

दूरच्या यंत्राच्या साहाय्याने वर्ग शिकविण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. दिल्लीच्या शाळांसाठी दूरचित्रवाणीवरील पाठ १९६१ मध्येच सुरू झाले होते. त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा विख्यात प्रयोग झाला. अमेरिकेकडून मिळालेल्या उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. गावाच्या चौकात किंवा शाळेच्या ओसरीवर संच ठेवलेला असे आणि मुले त्याभोवती दाटीवाटीने बसत. याच प्रयोगात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यात आले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. महाराष्ट्रातही पुण्यास १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि तिच्या कार्यक्रमांची गोडी अनेकांच्या मनात अजून आहे. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

या इतिहासावरून एक बोध निश्चित मिळतो. साधन बदलते, रेडिओ जातो, दूरचित्रवाणी येते, ती मागे पडते आणि मोबाइल येतो. प्रत्येक वेळी असे वाटते की, आता शिकविण्याचा प्रश्न सुटला. प्रश्न सुटत नाही, कारण तो साधनाचा नसतोच. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात पेरू देशाचे उदाहरण दिले आहे. तेथे मुलांना दहा लाखांवर लॅपटॉप वाटण्यात आले. परंतु अध्यापनाच्या पद्धतीत त्यांना स्थान दिले गेले नाही, आणि मुलांचे शिकणे काही सुधारले नाही.

याउलट कोणी म्हणेल की, मुले आपापली शिकतात, त्यांना शिक्षक हवाच कशाला? प्रा. सुगत मित्र यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसविला आणि मुले कोणी न शिकविता तो हाताळू लागली, हे प्रसिद्धच आहे. पुढे २०१३ मध्ये मिळालेल्या पारितोषिकातून त्यांनी ज्या प्रयोगशाळा उभारल्या, त्यांपैकी एक सातारा जिल्ह्यात फलटण येथे होती. परंतु त्यांच्या प्रयोगातही पुढे मुलांशी इंटरनेटवरून गप्पा मारणारी, त्यांना प्रश्न घालणारी, ‘वा, छान केलेस’ म्हणणारी प्रौढ माणसे आलीच. त्यांना नाव मिळाले ते ‘आज्यांचे’. मुलाची जिज्ञासा स्वयंभू असते हे खरे; पण ती जागी ठेवावयास माणूस लागतो.

वर्गात प्रत्यक्ष काय होते?

चांगला शिक्षक या साधनाचा उपयोग कसा करतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, चौथीच्या वर्गात जलचक्राचा पाठ आहे. वर्गात चाळीस मुले आणि एकच पडदा आहे. एखादा शिक्षक चित्रण लावून देईल आणि हजेरीपट भरीत बसेल. मुले शांत राहतील, तास संपेल आणि मुलांच्या पदरी काही पडणार नाही.

दुसरा शिक्षक चित्रण लावण्यापूर्वीच विचारील, “आपल्या गावची विहीर चैत्रात आटते. ते पाणी जाते कोठे?” मुले भांडतील. कोणी म्हणेल, माणसांनी उपसले. कोणी म्हणेल, जमिनीत मुरले. कोणी म्हणेल, उन्हाने उडून गेले. उत्तरे फळ्यावर लिहून झाल्यावर मग तीन मिनिटांचे चित्रण सुरू होईल. ते इंग्रजीत असेल तर शिक्षक आवाज बंद करील आणि मुलांच्या बोलीत स्वतः सांगेल. मध्येच चित्र थांबवून विचारील, “आता पुढे काय होईल?” चित्रण संपले की गरम पाण्याच्या पेल्यावर थंड ताटली धरून ताटलीखाली जमलेले थेंब मुलांना बोटाने पुसावयास लावील. शेवटी मुले फळ्यावरच्या आपल्या पहिल्या उत्तरांकडे वळतील आणि कोणते टिकले, कोणते टिकले नाही, ते वहीत लिहितील.

या चाळीस मिनिटांत यंत्राचा वाटा तीन मिनिटांचा आहे. परंतु ती तीन मिनिटे अमोल आहेत. समुद्रावरून उठणारे ढग दाखविणे ताटलीला शक्य नाही, आणि बोटाला थेंबाचा ओलावा लागणे पडद्याला शक्य नाही. दोहोंची सांगड घालतो तो शिक्षक.

हाच शिक्षक कधी मुलांना घेऊन जगाच्या प्रवासालाही निघतो. डिसले गुरुजींच्या कामाचा हा दुसरा भाग होय. संगणकाच्या द्वारे दूरदूरच्या शाळांतील मुलांची एकमेकांशी गाठ घालून देणे, एकमेकांचा परिसर दाखविणे, वैर असलेल्या देशांतील तरुणांना परस्परांशी बोलते करणे, असे उपक्रम त्यांनी केले. भारत आणि पाकिस्तान, इराण आणि इराक, इस्रायल आणि पॅलेस्टाइन येथील तरुणांच्या अशा जोड्या जमविण्यात आल्या. माढा तालुक्यातून हे घडावे, यातच इंटरनेटची खरी शक्ती दिसून येते.

परीक्षेचा काळ

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि या साधनाची खरी परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास मोबाइलवरून पाठविण्यात येऊ लागला. मे महिन्यात केंद्र शासनाने ‘पीएम ई-विद्या’ योजना जाहीर केली आणि तीनुसार प्रत्येक इयत्तेला दूरचित्रवाणीची एक स्वतंत्र वाहिनी मिळाली. ज्या शिक्षकांनी आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर तोंड उघडले नव्हते, ते स्वयंपाकघराच्या भिंतीला फळा टेकवून पाठ देऊ लागले.

तथापि ज्यांच्या घरी मोबाइलच नव्हता त्यांचे काय? ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या अहवालानुसार २०१८ मध्ये शाळकरी मुलांच्या सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ६७ टक्के झाले. वाढ मोठी खरी, पण मोबाइल घरात असूनही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांच्या हाती तो पडत नव्हता. वडील कामाला जाताना तो सोबत नेत. घरात एकच मोबाइल आणि मुले तीन असली की थोरल्या मुलाची पाळी आधी येई.

अशा वेळी शिक्षकांनी काय केले, ते सोलापूर शहरातच पाहावयास मिळाले. नीलमनगर ही यंत्रमाग कामगारांची वस्ती. तेथील एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. अक्षरे, पाढे, आकृत्या, व्याकरण. गल्लीतून जाता-येता मुले वाचीत आणि अंतर राखून भिंतीसमोर उभी राहून अभ्यास करीत. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले. ज्या जिल्ह्याने पाठ्यपुस्तकात इंटरनेटची खूण आणली, त्याच जिल्ह्यात इंटरनेट पोहोचले नाही तेव्हा भिंत पुस्तक झाली. या दोन्ही गोष्टी करणारा हात शिक्षकाचाच होता. शिकविण्याची तळमळ असेल तर साधन सापडते, आणि ती नसेल तर दारी आलेले साधनही धूळ खात पडते.

आडात असेल तर पोहऱ्यात

मग प्रश्न उरतो तो शिक्षकाच्या तयारीचा. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आपल्या राज्यकर्त्यांना ही जाणीव फार पूर्वीच झाली होती. ज्या १९६७ साली पुण्यास बालभारतीची स्थापना झाली, त्याच वर्षी चंदीगड येथे तांत्रिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था निघाली. कलकत्ता, मद्रास आणि भोपाळ येथील संस्थांची ती चौथी बहीण. ल कॉर्बूझिए यांच्या आराखड्यानुसार वसविलेल्या या देखण्या नगरीच्या सेक्टर २६ मध्ये ती आजही ‘राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था’ या नावाने उभी आहे. उत्तर भारतातील तंत्रनिकेतनांचे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे शिक्षक येथे विद्यार्थी होऊन येतात. दुसऱ्याला शिकविणाऱ्यानेही शिकत राहावे, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

या संस्थेच्या कामात झालेला बदल आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. पूर्वी प्रत्येक प्रशिक्षणासाठी शिक्षकाला चंदीगडास जावे लागे. आता तिचे अनेक अल्प मुदतीचे वर्ग इंटरनेटवरून भरतात आणि दूरच्या महाविद्यालयातील शिक्षक आपल्याच गावी बसून त्यांत भाग घेतात. म्हणजे जे साधन त्यांनी उद्या आपल्या वर्गात वापरावयाचे, त्याच साधनातून ते स्वतः शिकतात. आपल्याला कोठे कंटाळा येतो, आवाज तुटला की मन कसे उडते, प्रश्न विचारावयास संधी मिळाली नाही की कसे वाटते, याचा त्यांना विद्यार्थी म्हणून अनुभव येतो. हा अनुभव कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा आहे. शालेय शिक्षकांसाठीही २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि साथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, तो ‘दीक्षा’वरून चालू लागला.

परंतु प्रशिक्षण म्हणजे कळ कोणती दाबावी एवढेच नव्हे. ते एका दुपारी शिकता येते. कठीण असते ती निवड. इंटरनेटवर एका विषयाची शेकडो चित्रणे मिळतात. त्यांतील कोणते खरे, कोणते चुकीचे, कोणते खरे असूनही आपल्या वर्गातील मुलांसाठी नाही, हे ठरविणे म्हणजे धान्य पाखडण्याचे काम. सूप हाती असून भागत नाही. पाखडता यावे लागते. शिवाय बाहेरचे धान्य घरच्या जात्यावर दळावे लागते. दुसऱ्या भाषेतून आलेला पाठ मराठीत नुसता शब्दास शब्द ठेवून येत नाही. परक्या देशातील बर्फाचे उदाहरण मराठवाड्यातील मुलाला काय समजणार? तेथे उन्हात वाळणाऱ्या कुरडयांचे उदाहरण हवे. हे रूपांतर ज्याला जमते, तो शिक्षक इंटरनेटचा धनी होतो. ज्याला जमत नाही, तो त्याचा हमाल होतो.

घरातील शाळा

आता थोडेसे पालकांविषयी. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांविषयी एक बोलकी माहिती आहे. त्यांतील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी काही उपयोग केला होता, तर समाजमाध्यमांसाठी त्याचा उपयोग करणारी मुले ७६ टक्के होती. त्यातही ज्यांना फोन वापरता येतो अशा मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. हे आकडे मुलांविषयी जितके सांगतात, तितकेच आपल्याविषयीही सांगतात.

म्हणून घरात चार साध्या गोष्टी पाळता येतील. अभ्यासासाठी मोबाइल द्यावयाचा तर त्याची वेळ ठरवावी आणि ती मुलाइतकीच मुलीलाही मिळावी. मुलाने काही पाहिले तर ‘पाहिलेस का?’ असे न विचारता ‘काय पाहिलेस, मला सांग’ असे म्हणावे. आईला नीट सांगता आले म्हणजे धडा समजला. ज्या आईला स्वतःला फारसे वाचता येत नाही, तिलाही ही परीक्षा घेता येते. पुस्तकातील चौकट एकदा मुलाबरोबर बसून उघडून पाहावी. ती उघडत नसेल किंवा पाठ चुकीचा वाटला तर शिक्षकांच्या कानी घालावे. त्यात संकोच कसला? शाळेने मुलांची छायाचित्रे सर्वांना दिसतील अशा ठिकाणी टाकण्यापूर्वी आपणांस विचारावे, असा आग्रह धरावा. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस आवर्जून जावे. तेथे ‘आपल्या शाळेला पडदा केव्हा मिळणार?’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याच्याच जोडीने ‘आहे त्या पडद्यावर या आठवड्यात काय दाखविले, आणि मुलांनी त्यावर काय लिहिले?’ हाही प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शासनाकडे असते. दुसऱ्याचे उत्तर शाळेत असते, आणि ते विचारणारे पालक असले तर ते उत्तर दर आठवड्याला थोडे थोडे सुधारत जाते.

वाचकहो, खडू आणि फळा यांना मोडीत काढावयाचे कारण नाही. तसेच इंटरनेटच्या नावाने कपाळाला आठी घालण्याचेही कारण नाही. पाटी आली तेव्हा ती नवीच होती. छापील पुस्तक आले तेव्हा तेही नवेच होते. मुलाच्या भाषेत बोलणारा, त्याला प्रश्न विचारणारा आणि त्याचे उत्तर ऐकून घेणारा शिक्षक ज्या वर्गात आहे, त्या वर्गात ही सारी साधने गुण्यागोविंदाने नांदतात. असा शिक्षक आपल्या गावात असेल तर त्याला आपली साथ द्यावी. आणि या जूनमध्ये मुलाचे नवे पुस्तक घरी येईल तेव्हा त्यातील पहिली चौकट मुलाबरोबर बसून आपणच उघडावी.